मंगळवारची भेंडी

भेंडी तोडली की हात चुरचुरतात. तिची बारीक लव कातडीत शिरते आणि संध्याकाळी भाकरी थापताना जीव नकोसा करते. मी आणि सासूबाई नवऱ्याचे जुने मोजे हातात चढवून तोडायचो. व्यापाऱ्याचा टेंपो रोज उजाडताच यायचा, मंगळवारीसुद्धा. खरं तर आमच्या गावात मंगळवार गावदेवीचा. त्या दिवशी पिकाला हात लावायचा नाही. पण भेंडी एक दिवस झाडावर राहिली की जून होते आणि जून मालाला व्यापारी नाक मुरडतो. म्हणून अख्खा गाव अंधारातच तोडून मोकळा व्हायचा आणि दिवसभर वार पाळल्याचा आव आणायचा. देवीला उशिरा जाग येते असं आम्ही ठरवूनच टाकलं होतं.

मग गावाची सहकारी संस्था झाली. माल थेट परदेशात भेंडी पाठवणाऱ्या खरेदीदाराकडे जाऊ लागला, रास्त भावात. तोडणाऱ्या बायकाही सभासद हव्यात, ही त्याचीच अट. वजनकाटा आमचा झाला, चांगले हातमोजे मिळाले, अडलेली बाई संस्थेच्याच टेंपोतून खालापूरला दवाखान्यात पोचू लागली. सगळं खरं. पण पाठ तशीच मोडायची, रोज; मंगळवारीही अंधारातच तोडायचो आणि तो माल बुधवारच्यात घालायचो.

हंगाम भरात आला आणि खरेदीदाराने मंगळवारचा माल मंगळवारीच मागितला. देवळात बैठक बसली. पुरुष म्हणाले, देऊन टाकू. देवीचं कारण सांगितलं तर तो हसेल, आणि तो तुटला तर पुन्हा व्यापाऱ्याच्या पाया पडा. मला देवीचं काही पडलं नव्हतं, मला फक्त झोपायचं होतं. पण सुनेने हे चारचौघांत म्हणायचं कसं?

सासूबाई उठल्या. आयुष्यात पहिल्यांदा बैठकीत बोलल्या.

"देवीला कशाला मदी घालता रं? आमची बोटं दुकतात. आटवड्यातला येक दिस सोड म्हनावं. नाय म्हनला तर मंग बगू."

अध्यक्षांनी तिथूनच फोन लावला, चार वेळा घसा खाकरत. पलीकडचा म्हणाला, सोडा मंगळवार, पण बुधवारी जून झालेली भेंडी मी घेणार नाही. म्हणजे ती गुरांपुढे जाणार. बायकांनी लगेच हात वर केले. पुरुषांनी आमच्याकडे बघत बघत केले.

त्या मंगळवारी मला जाग आली तेव्हा ऊन दारात आलं होतं. आधी लाज वाटली, मग फार बरं वाटलं. सासूबाई ओट्यावर पदर खोचून बसल्या होत्या.

"कवा उटलात?"

"रोजच्याच टायमाला." मग त्यांनीच विचारलं, "आता काय करायचं असतं गं?"

"काय नाय करायचं, आई," मी म्हणाले आणि त्यांच्या शेजारी बसले. पण ते कसं करतात, हे मलाही माहीत नव्हतं.