काँब-ग्रीझचं औषध

रोलाँ पेरोदँला मागचं-पुढचं कुणी नव्हतं. पॅरिसच्या अनाथालयातून मोर्व्हाँ नावाच्या डोंगराळ भागात वाढायला पाठवलेल्या पोरांपैकी तो एक. ज्या घरी वाढला तिथे पोटाला मिळालं, अंगाला मिळालं, पण ‘तू कुणाचा रे?’ असं कुणी विचारलं की मान खाली जायची. विशीत तो द्राक्षांच्या तोडणीला डोंगर उतरून खाली बोन शहराच्या बाजूला आला आणि परत गेलाच नाही. मोरिसेतही त्याच डोंगरातली, त्याच तोडणीला आलेली. बोलायला फटकळ आणि हाताला चपळ. लग्न झालं तेव्हा द्राक्षबागेच्या मालकांनी, द मारनोल यांनी, दोघांना बागेच्या कडेचं दगडी घर राहायला दिलं. त्या दिवसापासून कुणी विचारलं, की रोलाँ सांगायचा, “मी काँब-ग्रीझचा.”

काँब-ग्रीझ म्हणजे उतारावरचा एक लहानसा तुकडा. चारी बाजूंनी कमरेइतकी दगडी भिंत. भिंतीच्या आत पिकणारी पांढरी वाईन मंत्र्यांच्या मेजवान्यांना जायची आणि बायकोच्या बाळंतपणाला पुंजी ठेवावी तशी लोक ती तळघरात राखून ठेवायचे. भिंतीबाहेर, रस्त्यापलीकडे तीच द्राक्षं, तेच ऊन. पण तिथली वाईन स्टेशनाजवळच्या खानावळीत पेल्यापेल्याने विकली जायची. असं का, ते देवाला ठाऊक. गावात कुणी त्यावर डोकं शिणवत नसे.

मोरिसेत छाटणी करायची, काड्या तारेला बांधायची. नांगरणी आणि फवारणी रोलाँची. तिथल्या वेली जुन्या होत्या, काही तर मालकांच्या आजोबांनी लावलेल्या. जुन्या वेलीला एक रोग लागतो. ऐन उन्हाळ्यात, पानं हिरवीगार असताना, एखादी वेल दोन-चार दिवसांत वाळून कोळ होते. माणसाला झटका यावा तसं. त्याला उपाय एकच होता. छाटणी संपली की वेलींना डोळे फुटायच्या आधी खोडांवर सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, मारायचं. सोमल हा शब्द मात्र कुणी उच्चारत नसे. सगळे म्हणायचे ‘औषध’.

“उद्या औषध मारायचंय,” रोलाँ म्हणायचा, आणि मोरिसेत जुनी पँट काढून ठेवायची.

औषध डब्यातून यायचं. डब्यावर कवटी काढलेली असायची. शेजारचा लुसियँ आणि त्याची बायको ओडेत मदतीला असायची. ओडेत पाणी आणून टाकीत औषध ढवळायची आणि दोघे पुरुष ओळीओळीने मारत जायचे. वारा फिरला की तोंडावर यायचं. दुपारी भिंतीच्या आडोशाला बसून चौघे पाव आणि सॉसेज खायचे. हात धुवायला थोडं बर्फ चोळलं की झालं. संध्याकाळी मोरिसेत त्या पँटी घरच्या कपड्यांबरोबरच उकळायची.

त्यांचा एक कुत्रा होता, बिजू. एकदा टाकी धुतलेलं पाणी अंगणात साचलं होतं, ते तो प्याला. अंधार पडायच्या आत पाय झाडत झाडत मेला. रोलाँ रडला. मालक स्वतः बघायला आले, टोपी काढून उभे राहिले.

“फार वाईट झालं, रोलाँ,” ते म्हणाले. “पुढच्या वेळी कुत्रा बांधून ठेवत जा.”

“हो मालक. माझंच चुकलं.”

मोरिसेत दारात उभी होती. ‘कुत्रा बांधला, आणि माणसाचं काय?’ असं तिच्या ओठावर आलं होतं. पण पोटात सिरिल होता, घर मालकांचं होतं. तिने गिळलं.

पुढे सरकारने ते औषध बंद केलं. उरलेले डबे गोळा करायला चेहरा झाकलेली, पांढऱ्या झग्यातली माणसं आली. त्यांना बघून लुसियँला हसू फुटलं. “अरे, हे चंद्रावर चाललेत की काय?” रोलाँही हसला. मोरिसेतला हसू आलं नाही.

तोवर रोलाँचे तळहात बदलले होते. आधी घट्टे वाटले. फावडं मारणाऱ्याला घट्टे पडायचेच. पण हे घट्टे मक्याच्या दाण्यांसारखे कडक होते, सोलले तरी पुन्हा यायचे. पाठीवर काळे डाग उठले. मग एक जखम झाली, ती भरेना. डॉक्टरने कापून काढली, दुसरी झाली. आणि ज्या हिवाळ्यात खोकल्यातून रक्त पडलं, त्या हिवाळ्यात बोनच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून विचारलं, “मस्यू पेरोदँ, तुम्ही बागेत सोमल मारायचात का?”

रोलाँने तळहात मांडीखाली सरकवले. मोरिसेत म्हणाली, “वीस-पंचवीस हिवाळे.”

“मग हा कामातून आलेला आजार आहे. तुम्ही अर्ज करा. फक्त तुम्ही हे काम करत होतात, असं सांगणारं कुणीतरी लागेल. मालक किंवा बरोबरचा माणूस.”

परतताना बसमध्ये रोलाँ खिडकीबाहेर बघत बसला. मग म्हणाला, “अर्ज-बिर्ज काही करायचा नाही.”

“का?”

“डब्यावर कवटी होती, मोरिसेत. मला दिसत होती. कुणी माझे हात धरून मारायला लावलं नाही.”

“आणि नाही म्हणाला असतास तर?”

“नाही कशाला म्हणू? वेली वाचल्या की नाही? मी तिथला आहे. स्वतःच्या घरावर फिर्याद करतं का कुणी?”

 पण दुसऱ्याच दिवशी मोरिसेत मालकांकडे गेली. मालकांनी तिला बैठकीत बसवलं, कॉफी दिली. ते वाईट माणूस नव्हते, हेच अवघड होतं.

“मादाम पेरोदँ, रोलाँसाठी मी काय वाटेल ते करीन. चांगला डॉक्टर बघतो, पॅरिसला पाठवतो.”

“मालक, मला तुमची सही हवी. तो औषध मारायचा, एवढंच लिहायचं.”

मालकांनी कप बशीत ठेवला. “तेव्हा ते कायदेशीर होतं. सगळेच मारत होते. माझ्या वडिलांनीही मारलं. पण आज असा कागद निघाला, तर लोक ‘सगळे’ असं म्हणणार नाहीत. काँब-ग्रीझ असंच म्हणतील. बाटलीवर जे नाव आहे, त्या नावाशेजारी विष हा शब्द एकदा आला की गेलंच सगळं. आणि सिरिलचंही पोट त्याच नावावर आहे. त्याला मी तळघर सांभाळायला दिलंय, ते काय उगीच?”

धमकी नव्हती. गोड आवाजात सांगितलेली खरी गोष्ट होती. मोरिसेतने कॉफी तशीच ठेवली.

ती लुसियँकडे गेली. लुसियँ शेडमध्ये टोमॅटोच्या काठ्या तासत होता. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं.

“मला काही आठवत नाही, मोरिसेत.”

“लाज वाटू दे जरा! त्याच्याबरोबर टाकी ओढायचास तू.”

“सही केली म्हणजे मीही मारलं असं होतं,” तो काठी तासतच म्हणाला. “आणि मारलं असं झालं, की मलाही झालाय का, ते बघावं लागेल. मला बघायचं नाही. जा तू.”

त्या संध्याकाळी सिरिल घरी आला. मालकांनी त्याच्या कानावर घातलंच होतं. बाप आतल्या खोलीत खोकत होता, म्हणून दोघं हळू भांडली.

“आई, बाबांनाच नकोय तर तू का हट्ट धरतेस?”

“बिजूला तरी मरायचं होतं का? विचारलं का कुणी?”

“कुत्र्याचं काय काढतेस आता! मी तिथे झाडलोट करत वर आलोय. उद्या मला काढलं, तर दुसरा कोण ठेवणार? म्हणतील, हाच तो, ज्याच्या आईने मारनोलांना कोर्टात ओढलं.”

“तुझं खरं आहे,” मोरिसेत म्हणाली. आणि ते खरंच होतं. तिने त्याला सूप वाढलं. तो न जेवता गेला.

रोलाँ फेब्रुवारीत गेला. शेवटच्या दिवसांत त्याला श्वास पुरत नव्हता. उशांना टेकवून बसवावं लागायचं. खिडकीतून बाग दिसायची. छाटणी चालू होती आणि जळत्या काड्यांचा धूर भिंतीवरून सरकत यायचा. एकदा तो म्हणाला, “तिसऱ्या ओळीत पोरगं फार आखूड छाटतंय. सांग त्याला.” मोरिसेत शाल पांघरून गेली आणि सांगून आली. दुसरं काय करणार?

दफन झाल्यावर गावकीच्या हॉलमध्ये जेवण होतं. थंड हॅम, चीज, पाव. मालकांनी काँब-ग्रीझच्या बाटल्या पाठवल्या होत्या, आणि त्याही साध्या वर्षाच्या नाहीत. ज्या वर्षाचं नाव काढलं की गावात लोक टोपी मागे सारतात, त्या वर्षाच्या. मारनोलांनी मजुराच्या मयताला अशी वाईन कधी दिली नव्हती. ती बघून माणसांचे आवाज खाली आले. बाटल्या सिरिलने उघडल्या.

मोरिसेतने पेला घेतला. तिची इच्छा होती की ती कडू लागावी. आंबलेली लागावी, बुचाच्या वासाची लागावी. तिने घोट घेतला. वाईन चांगली होती. फार चांगली होती. आधी लिंबाच्या सालीसारखं काहीतरी, मग मध, मग ओल्या दगडाचा वास, आणि गिळल्यावरही जीभ ते सोडेना. समोर लुसियँने डोळे मिटले होते. सगळ्या हॉलमध्ये क्षणभर कुणी बोललं नाही, आणि ती शांतता रोलाँसाठी नव्हती. हे तिला कळलं, आणि तिथे बसवेना. ती उठून मागच्या स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उगाच ताटल्या धुऊ लागली.

ओडेत मागोमाग आली. तिने फडकं घेतलं आणि ताटल्या पुसायला लागली. तीन-चार पुसून झाल्यावर म्हणाली, “मी करते सही.”

“कसली?”

“कसली म्हणजे? टाकीत औषध कोण ढवळायचं? काठीने ढवळायचे मी, आणि काठी मोडली की हाताने. पुरुषांनाच विचारत फिरलीस. मला विचारलंस का?”

मोरिसेतने नळ बंद केला. “लुसियँ काय म्हणेल?”

“म्हणू दे. चाळीस वर्षं त्याचं ऐकतेय. तो रात्रभर खाजवतो ते काय मला ऐकू येत नाही?” मग ओडेतचा आवाज फुटला. “गधडे, आधी का नाही आलीस गं माझ्याकडे? रोलाँ जिवंत असताना?”

दोघी नळापाशी उभ्या राहून रडल्या. बाहेर खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते.

अर्ज गेला. चौकशीला माणसं आली. मालकांनी त्यांच्यासमोर काही नाकारलं नाही. आठवत नाही, एवढंच म्हणाले. ओडेतने मात्र सगळं सांगितलं, टाकी कुठे धुवायचे ते दाखवलंसुद्धा. दोन हिवाळे गेले आणि निकाल लागला, की रोलाँ पेरोदँ कामाने मेला. मोरिसेतला पेन्शन सुरू झाली. कुठल्याच पेपरात काँब-ग्रीझचं नाव आलं नाही. वाईनचा भाव पडला नाही. सिरिलची नोकरीही गेली नाही. ज्या भीतीने घर फुटलं, ती भीतीच पोकळ निघाली, पण फुटायचं ते फुटून गेलं होतं.

दगडी घर नव्या ट्रॅक्टरवाल्याला हवं होतं. मालकांनी पत्र पाठवून, फार सभ्यपणे, ते रिकामं करायला सांगितलं. मोरिसेत जवळच्या शान्यी गावात, रेल्वेच्या रुळांजवळ दोन खोल्यांत राहायला गेली. रोलाँ मात्र गावच्या दफनभूमीतच राहिला. तिथून बाग दिसते. त्याला तेच आवडलं असतं, असं ती म्हणायची, आणि म्हणताना तिला त्याचा रागही यायचा. लुसियँने शेवटपर्यंत डॉक्टरला हात दाखवले नाहीत. तोही गेला. ओडेतने त्याच्यासाठी अर्ज केला नाही. “त्याला नको होतं,” ती म्हणाली. “आणि मला आता ताकद नाही.”

अर्ज गेल्यापासून सिरिल तीन वर्षं आला नाही. मग एका रविवारी न कळवता दारात उभा राहिला. कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते.  मोहरीच्या रश्शात ससा शिजत होता, त्यात मोरिसेतने पाणी वाढवलं. जेवताना तो बागेबद्दल बोलला. जुन्या वेली पुन्हा झटक्याने जाताहेत, आता त्यावर औषध नाही, मालकांच्या मुलाने वरच्या ओळी उपटायला घेतल्या आहेत. ती ऐकत राहिली. बापाचं नाव दोघांनीही काढलं नाही. त्याने पावाने ताटली निपटून घेतली, चार वाजताच्या गाडीआधी कोट घातला आणि दारात वाकून तिच्या दोन्ही गालांची चुंबनं घेतली.

थोड्या वेळाने ओडेतचा फोन आला.

“आला होता म्हणे?”

“आला होता.”

“मग? काय म्हणाला?”

“काही नाही,” मोरिसेत म्हणाली. “जेवून गेला.”