यमुना मुकी नव्हती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शाळेतल्या सोबत्यांना नाही. तुम्हाला सांगतोय — आणि सांगतानाही आधी दुसरंच काहीतरी सांगावंसं वाटतंय. मी शिक्षक बरा होतो, असं काहीतरी. होतो का? त्या एका आठवड्यापुरता, कदाचित, होतो.

मोखाड्याजवळच्या एका हायस्कुलात मी इंग्रजी शिकवायचो. आठवीला नवी मुलं यायची, सूर्यमाळकडच्या पाड्यांवरून, खालच्या गावांतून. घरी त्यांची बोली वेगळी. शाळेतली मराठीच त्यांना निम्मी परकी. इंग्रजीचं नाव काढलं की माना खाली. म्हणून त्या वर्षी मी ठरवलं — इंग्रजीचा पहिला तास होण्याआधी आठवडाभर यांची भीती घालवायची. शाळा सुटली की व्हरांड्यात बसवायचो. उभं कसं राहायचं, नाव कसं सांगायचं, कुठं राहतो ते कसं सांगायचं. पुस्तक नाही, फळा नाही. एकच सांगायचो, "चुकलं तरी बोला. मी आहे."

मी आहे. हे शब्द माझेच.

यमुना पहिल्या दिवसापासून पुढं. अंगानं बारकी, तोंडानं धीट. 'आय' म्हणजे 'मी', असं मी सांगितलं तर म्हणाली, "सर, आय म्हंजे तर आमची आय. मंग इंग्रज दर वेळी आयचं नाव घेऊन बोलतंत काय?" सगळी पोरं हसली, तीही हसली, मीही. त्यानंतर त्या शब्दाला कुणी घाबरलं नाही. ते काम माझं नव्हे, तिचं.

आणि मग — मी मिरवलं. मुख्याध्यापकांना म्हणालो, माझी आठवी पहिल्याच तासाला इंग्रजी बोलेल. त्यांनी ते तपासणीला येणाऱ्या एका साहेबांच्या कानावर घातलं. पहिल्या तासाला साहेब एकटेच वर्गात येऊन मागच्या बाकावर बसले.

काही मुलांनी नावं सांगितली. साहेब खूश. मग ते उठून यमुनाजवळ आले आणि आम्ही घोकलेलं सोडून दुसरंच विचारलं — तुझ्या घरी कोण कोण असतं, असं काहीसं, भरभर इंग्रजीत. ती उभी राहिली. साहेबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती — हे मला नीट आठवतं. ती शब्द जुळवत होती. ओठ उघडले होते. चुकीचं का होईना, ती बोलणार होती.

आणि मी म्हणालो, "साहेब, ती मुकी आहे."

का? ती चुकली असती तर काय बिघडलं असतं? माझी आठवी नुसती पाठ करून आलीय, हे साहेबांना कळलं असतं. एवढंच. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ते पुढं गेले. यमुना तोंड मिटून खाली बसली. वर्गात कुणीही हसलं नाही.

इथवरचं मी कधीतरी कुणापाशी बोलू शकलो असतो. घाबरलो, बोलून गेलो, असं म्हटलं असतं. पण पुढचं —

दोन दिवसांनी तिचा बाप आला. लहानू. नागलीची लावणी टाकून, डोंगरावरून चालत. यमुना त्याच्या मागं उभी. व्हरांड्यातच म्हणाला, "गुर्जी, पोर शाळंत याया नाय म्हणते. सांगते, सरांनी मला सायबापुढं मुकी केली. असं कसं व्हईल?"

तो भांडायला आला नव्हता. विचारायला आला होता. मुख्याध्यापक ऑफिसच्या दारात उभे राहून ऐकत होते. वर्गात काय झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

मी म्हणालो, "छे, असं मी कशाला म्हणेन? अभ्यास नको म्हणून खोटं सांगतेय ती."

लहानूनं मागं वळून तिच्या थोबाडीत मारली. मग माझ्यापुढं हात जोडले. यमुना रडली नाही. माझ्याकडं बघत राहिली.

दहावीपर्यंत ती माझ्या वर्गात होती. पेपरात सगळं बरोबर लिहायची. हजेरीला नुसता हात वर करायची. मैदानात, पाण्याच्या टाकीपाशी तिचा आवाज लांबून ऐकू यायचा. मी जवळ गेलो की थांबायचा. बाकीचे शिक्षक म्हणायचे, पोर अबोल आहे. मी म्हणायचो, हो, पहिल्यापासूनच.

मागच्या वर्षी मोखाड्याच्या बाजारात लहानू भेटला. थकलाय. यमुना लग्न होऊन डोंगरापलीकडच्या वांगणी गावात असते, म्हणाला; दिवाळीनंतर नवरा-बायको ठाण्याकडं कामाला जातात. मग जरा घुटमळला. "आता आली तवा भांडली माझ्याशी. सांगते, बाबा, मी तवा खरंच सांगत व्हते. इतकी वरसं झाली, तरी तेच धरून बसलीय. तुमीच सांगा गुर्जी — मी मारलं, ते माझं चुकलं का?"

जीपवाला हॉर्न देत होता. आमच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. तिथं साहेब नव्हते, मुख्याध्यापक नव्हते. मी तर निवृत्त झालोय. माझं कोण काय करणार होतं?

"नाही, लहानूभाऊ," मी म्हणालो, "तुमचं काही चुकलं नाही. पोरीचं बोलणं काय मनावर घेता?"

त्याला बरं वाटलं. त्यानं हात जोडले, आणि मी जीपमध्ये चढलो.