लाल बाबाच्या गाडीतून सालेकशाला

गोंदिया स्टेशनाबाहेर काळी-पिवळीत (भाड्याने माणसं नेणाऱ्या जीपमध्ये) चढायला गेले, तर ड्रायव्हरने हात आडवा घातला.

"आंधी नमस्कार करा जी."

"कुणाला?"

"लाल बाबाले."

त्याच्या सीटशेजारी आग विझवायचं लाल नळकांडं उभं होतं. गळ्यात प्लास्टिकच्या झेंडूची माळ, पोटावर कुंकू आणि तोंडाभोवती लाल-पिवळ्या नाड्यांचे (पूजेच्या दोऱ्यांचे) इतके वेढे, की पिन कुठे अन् दांडा कुठे, पत्ता लागू नये. साताऱ्याहून रेल्वेत अंग आंबवून मी आले होते, पोटात तर्री-पोहे जाळ करत होते. अशा वेळी मला कुणी नमस्कार शिकवलेला मुळीच खपत नाही.

"अहो, भाड्याच्या गाडीत हे ठेवायचा नियम आहे, म्हणून ठेवतात. देव कसला यात?"

ड्रायव्हरचं नाव हिवराज पटले. माणूस शांत होता. "पासिंगवाले सायेब सोता बोलले, हा तुमच्या गाडीचा रक्षक आहे. मंग रक्षकाले काय म्हणाचं जी? बाबाच ना!" दर दसऱ्याला गाडीच्या पूजेबरोबर बाबालाही एक नाडा बांधायचा, ही त्याची रीत. सगळ्यात खालची गाठ त्याच्या आईने बांधलेली, गाडी दारात आली त्या वर्षीची. आई आता नव्हती.

"आणि आग लागली तर पिन कशी ओढणार?"

"लागनच कायले? बाबा आहे ना!"

कप्पाळ! मी नमस्कार केला आणि पुढे बसले.

मागच्या बाकावर फुलवंताबाई पाय लांब करून बसल्या होत्या. उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. दवाखान्यातून सुटून गावी निघाल्या होत्या, पण जीव सगळा झाडापाशी. "माहा मोह पडून राहिला असन. सून एकली काय काय येचन?" असं दर वळणावर चाललेलं. मोहाची झाडं जंगलात असली, तरी कुठलं झाड कुठल्या घरानं वेचायचं हे इकडे ठरलेलं असतं, हे मला त्यांनीच सांगितलं.

आमगावपर्यंत दोन्ही बाजूंना उन्हाळी धान होतं, डोळे निवतील असं हिरवं. सालेकशाकडे वळलो आणि जंगल सुरू झालं. आणि तो वास! गोड, आंबूस, जड. काही झाडांवर पानं जवळपास नव्हतीच, खाली मात्र पिवळट पांढरी, रसरशीत फुलं पसरलेली. बाया टोपल्या घेऊन वाकलेल्या. मी जन्मभर सह्याद्रीचे गोडवे गायले, पण इथे मी खिडकीतून मान बाहेर काढून बघतच राहिले.

"हिवराज, थांबव ना रे," फुलवंताबाई म्हणाल्या. "माहं झाड आलं. पाहू दे एक डाव."

त्याने गाडी रस्त्याकडेला वाळल्या पाल्यावर घेतली. सून विळा खोचून धावत आली. मी आणि हिवराजभाऊ खाली उतरलो. बोलणं चाललं होतं, आणि मला धुराचा वास आला. तापलेल्या सायलेन्सरखाली पाल्याने पेट घेतला होता. बघता बघता जाळ मागच्या दाराला चाटू लागला. आत फुलवंताबाई, पाय जड, दार आगीच्या तोंडावर.

हिवराजभाऊंनी आत उडी घेऊन किल्ली फिरवली. गाडी घुरघुरली आणि गप्प बसली. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. बाया हिरवे डहाळे तोडून धावल्या, कडेचा जाळ झोडपू लागल्या, पण गाडीच्या पोटाखाली डहाळा पोचेना. आणि टाकीत डिझेल.

"बाबाला काढा!" मी ओरडले. हो, मी बाबाच म्हणाले.

त्यांनी नळकांडं उचललं, सुनेचा विळा घेतला आणि नाडे सपासप कापले. तेल-कुंकवानं ते दगड झाले होते. एकामागून एक सुटत गेले, आणि शेवटच्या गाठीपाशी हात थांबला. पिनेवर घट्ट बसलेली ती आईची गाठ. माणूस नुसता बघत राहिला.

"काऊन थांबला रे?" आतून फुलवंताबाई खोकत ओरडल्या. "तुह्या मायले मी ओळखत होती! तिनं गाडी राखाले बांधली, मले जाळाले नाई!"

विळा फिरला. पिन निघाली. इतकी वर्षं बांधून पडलेलं हे नळकांडं चालेल तरी का, असं मनात आलं न आलं, तोच फुस्सकन पांढरा लोट सुटला आणि गाडीखाली घुसला. जाळ दबला, विझला. वारा नव्हता. ती पांढरी पूड हळूहळू उतरत राहिली, पाल्यावर, डहाळ्यांवर, बायांच्या केसांवर, मोहाच्या फुलांवर. इतकं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं.

"अवं माय," फुलवंताबाई आतून म्हणाल्या, "माहा मोह खराब केला ना रे!" मग सगळेच हसले आणि सून रडली.

हिवराजभाऊंनी पाल्यातून आईचा नाडा शोधून काढला, फुंकर मारून खिशात ठेवला. गाडी ढकलून सुरू झाली. संध्याकाळी फुलवंताबाईंच्या ओसरीवर त्यांनी मला वाफवलेली मोहफुलं खाऊ घातली, पूड न पडलेली, असं दोनदा बजावून.

परतताना तीच गाडी मिळाली. नवीन लाल बाबा बसला होता. माळ होती, कुंकू होतं, तोंड मात्र मोकळं. आईचा नाडा स्टेअरिंगला बांधलेला. हिवराजभाऊ चढणाऱ्या प्रत्येकाला अडवत होते. "आंधी नमस्कार करा. मंग ही पिन पाहून घ्या. आग दिसली तं ओढाची, मले विचाराले थांबू नोका."

सातारा स्टेशनावर घरी जायला भाड्याची गाडी केली.

"दादा, नळकांडं कुठंय?"

ड्रायव्हरने डिकी उघडली. दोऱ्या, डबे, फडकी, आणि सगळ्याच्या तळाशी ते, अजून प्लास्टिकच्या पिशवीत. नियमापुरतं तेही गाडीत होतंच. पण हिवराजभाऊंचा बाबा निदान हाताशी होता, रोज कुणीतरी त्याच्याकडे बघत तरी होतं. मी पिशवी फाडली, पिन चाचपली आणि नळकांडं पुढे सीटशेजारी आणून उभं केलं. मग हात आपसूक जुळले.

"काकू, आग विझवायचं आहे ते," ड्रायव्हर म्हणाला. "देव नाही."

"मीही असंच म्हणाले होते," मी म्हटलं. "चला आता."