खटकामास्तर आणि डासांचं मशीन

छापखान्याच्या यंत्रांशेजारी उभा जन्म काढून मास्तरांचे दोन्ही कान गेले. राहिली ती एक सवय. संध्याकाळी सगळे खटके बंद करून शेवटी बाहेर पडायचं काम त्यांचं, म्हणून तिथली पोरं त्यांना खटकामास्तर म्हणायची. घरीही तेच. एकदा सून न्हाणीघरात असताना त्यांनी बाहेरून दिवा घालवला होता. ते तिनं मनात ठेवलं.

मास्तरांची खोली मागे, जाड भिंतींच्या पलीकडे. पुढच्या खोलीतलं वायफाय तिथवर पोचायचं नाही, आणि त्यांनी पुढे येऊन बसलेलं सुनेला चालायचं नाही. आणि परदेशातली लेक तर टॅबवर दिसायलाच हवी, कारण तिचे ओठ बघूनच मास्तरांना बोलणं कळायचं. साधा फोन त्यांच्या काय कामाचा!

नेटवाला आला. म्हणाला, "मधल्या खोलीत वायफायचा आणखी एक डबा ठेवा. काम होईल."

"माझ्या शोकेसवर? तो काळा डबा?" सून म्हणाली. "अजिबात नाही."

"मग विजेच्या वायरीतूनच नेट नेऊ. एक डबी राउटरपाशी, दुसरी मागच्या पॅसेजमधल्या प्लगला. फक्त तिचा खटका कुणी बंद करू नका."

हे तो मास्तरांच्या मुलाकडे तोंड करून सांगत होता. मास्तर शेजारीच उभे राहून हसतमुखानं मान डोलावत होते. काय ठरलं ते त्यांना कुणी समजावलं नाही.

पहिल्या दिवशी लेक दिसली. मास्तर आनंदानं इतके मोठ्यानं बोलले की शेजारी खिडकीत आले. दुसऱ्या दिवशी खोलीकडे जाताना त्यांना पॅसेजमध्ये पांढरी डबी दिसली, बारीक हिरवा दिवा लागलेला. चिटपाखरू नाही आणि डासांचं मशीन चालू! त्यांनी खटका बंद केला आणि टॅबसमोर जाऊन बसले. लेक काही दिसली नाही.

मुलाच्या लक्षात आलं. "बाबांना सांगायला हवं," तो म्हणाला.

"राहू दे," सून म्हणाली. "रोज तासभर तो आरडाओरडा कोण ऐकणार?"

मग मुलगा रोज सकाळी डबी चालू करून ऑफिसला जाऊ लागला. बहिणीनं विचारलं तर, "नेट चालू आहे, तेच बसत नाहीत," असं सांगायला मोकळा. त्याला मी मुलगा म्हणतो ते दुसरा शब्द शोधायचा कंटाळा म्हणून.

मास्तर रोज संध्याकाळी खटका बंद करून वाट बघत बसायचे. "कामात असेल," म्हणायचे.

काही महिन्यांनी लेकीनं भावाला फोन केला. "दादा, उद्या माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. आज काहीही करून बाबांना समोर बसव. एकदा बघायचंय रे त्यांना."

मास्तरांना एवढंच कळलं की आज ती टॅबवर नक्की येणार. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला आणि पॅसेजमधून जाता जाता खटका बंद केला. स्वयंपाकघरात दोघांनीही तो आवाज ऐकला. मुलगा उठला.

"बस खाली," सून म्हणाली. "आत्ता त्यांच्यासमोर चालू केलंस, तर इतके महिने काय केलं तेही सांगावं लागेल."

तो बसला.

ऑपरेशनच्या टेबलावरून लेक उठली नाही. मुलानं ते कागदावर लिहून दाखवलं. मास्तरांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, "आदल्या दिवशी तिनं फोन केलाच नाही का रे?"

"नाही," मुलगा म्हणाला. बापाला वाचता यावं म्हणून त्यानं ओठ अगदी नीट हलवले.