उंटाच्या घरातलं प्यादं

दादा गेला तेव्हा मी रडलो नाही. दहाव्याला नाही, नंतरही नाही. नातेवाईक म्हणाले, धक्का बसलाय, येईल बाहेर. कसला धक्का आणि कसलं काय! मला भूक लागत होती, झोप येत होती. चाकणच्या कंपनीत शिफ्टला जाऊन मी पार्ट तपासत होतो, ओके एकीकडे, रिजेक्ट एकीकडे. फक्त आत काही हलत नव्हतं. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात आणि गाल आपला राहत नाही, तसा मी अख्खा झालो होतो. वहिनी एकदा तोंडावर म्हणाली, "भावजी, सख्खा भाऊ गेला तुमचा, आणि डोळ्यांत टिपूस नाही?" त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. तिचं काही चुकत नव्हतं.

त्याच सुमारास, चाळिशी उलटून गेल्यावर, मी बुद्धिबळ नीट शिकायला घेतलं. रहाटणीला कंपनीची बस पकडली की फोन काढायचा आणि चाकण येईपर्यंत कोडी सोडवायची. दुसरं काय करणार, खिडकीबाहेर बघून तरी काय दिसायचं? शेजारी बसणारा एकदा म्हणाला, "राव, गेम खेळताय का मयताला बसलाय?" मग त्याला आठवलं आणि बिचारा एवढंसं तोंड करून बसला. मला काहीच वाटलं नाही. मी पुढचं कोडं उघडलं.

सुधारलो मात्र. घोडा फुकट घालवायचं बंद झालं. समोरच्यानं हत्ती हलवला की आधी विचारायचं, हा इथं का आला? हे अंगात मुरायलाच कितीतरी महिने गेले. पण जिंकलो तरी आनंद नाही, हरलो तरी राग नाही. पार्ट ओके, पार्ट रिजेक्ट.

ताथवड्याच्या एका कॉलेजात खुली स्पर्धा होती, तिथं नाव दिलं ते याचसाठी. जिवंत माणूस समोर बसवून एकदा जिंकावं आणि आत काही होतंय का ते बघावं. तेव्हाही काही झालं नाही, तर आपण कायमचेच असे, हे मी मनाशी धरून गेलो होतो.

पहिले डाव हरलो. ठीक आहे. शेवटच्या डावात माझ्याच वयाच्या एक बाई समोर आल्या. मारामारी होता होता पट रिकामा झाला. त्यांच्याकडे नुसता राजा, माझ्याकडे राजा आणि एक प्यादं, तेही शेवटच्या घराच्या उंबऱ्यावर. प्यादं पुढे सारायचं, वजीर करायचा, मात द्यायची. शेंबडं पोरही जिंकलं असतं. मी प्यादं सारलं, मेलेल्या सोंगट्यांतून एक उचलून तिथं ठेवली आणि घड्याळ दाबलं.

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "अहो, उंट?"

खरंच उंट ठेवला होता मी. पंच आले. ठेवलेली सोंगटी बदलता येत नाही आणि राजाला जोडीला एकटा उंट असेल तर मात होऊच शकत नाही, असं समजावून त्यांनी बरोबरी जाहीर केली.

फोनवर प्यादं पोचलं की बोट लावायच्या आत वजीर तयार असतो. हाताला काही शिकावंच लागलं नव्हतं. हाताला माहीत होता तो दादाचा नियम. पिंपरीच्या कामगार कॉलनीत, जिन्यात बसून त्यानं मला खेळ शिकवला तेव्हा प्यादं ज्याच्या घरात पोचेल तेच व्हायचं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. मी वजीर मागितला की टपली मारायचा. "उंटाच्या घरात वजीर जन्माला येतो का रे, येड्या?"

"दादा, लेका, चुकीचं शिकवलंस की रे मला!"

हे मी मोठ्यानं ओरडलो. अख्खा हॉल वळून बघायला लागला. मला असला राग आला होता की कानशिलं तापली. हातातला डाव घालवला माझा! आयुष्यभराचं खोटंनाटं डोक्यात भरून ठेवलं आणि स्वतः गेला निघून. आता जाब कुणाला विचारायचा? पुढचा शब्द काढायला गेलो तर हुंदकाच फुटला. मग थांबेचना. बाईंनी पाण्याची बाटली पुढे सरकवली. "अहो, एक डावच तर आहे," त्या म्हणाल्या.

बाहेर पायऱ्यांवर बसून वहिनीला फोन लावला.

"वहिनी, दादाशी भांडलो आज. सगळ्यांसमोर."

दादा आतल्या खोलीत रुसून बसला असावा तशी ती म्हणाली, "कशावरून हो, भावजी?"