पिवळ्या कोटाची तबकडी

लिहिणे हे माझे काम नव्हे, याची मला पुरती जाणीव आहे. मराठी घेऊन एम.ए. झाले, तरी परीक्षेच्या उत्तरपत्रिका आणि किराण्याच्या याद्या यांपलीकडे माझी लेखणी कधी गेली नाही. आता साठी उलटल्यावर एकदम माणसावर लिहायला बसणे हा आगाऊपणाच आहे. त्यातही ज्या इंग्रजी तबकडीभोवती हे लेखन फिरणार आहे, तिच्यातले निम्मे शब्द मला आजही नीट लागत नाहीत. जाणत्या वाचकांनी म्हणूनच आधीच क्षमा करावी. माझ्या बाजूने सांगण्यासारखे एवढेच आहे की, दादांवर मी लिहिले नाही तर दुसरे कोणी लिहील असे वाटत नाही.

दादा म्हणजे माझे भासरे, यजमानांचे थोरले बंधू. आमचे घर मंगरूळपीरच्या अलीकडच्या एका खेड्यात. त्या घरात धाकट्या सुनेने भासऱ्यासमोर बसायचे नाही आणि त्यांच्याशी समोरासमोर बोलायचे नाही, असा रिवाज होता. तो कोणी लादला नव्हता. दाराला उंबरठा असतो तसा तो होता, आणि ओलांडताना ठेच लागू नये म्हणून जो तो आपापले पाऊल सांभाळत असे. परिणामी एका छपराखाली अर्धे आयुष्य काढूनही दादा आणि मी एकमेकांशी थेट एक वाक्य बोललो नव्हतो. आणि तरीही, जितका वाद मी दादांशी घातला तितका आईवडिलांशी, नवऱ्याशी, कोणाशीच घातला नाही.

गावात दादांना ‘इंग्रज’ म्हणत. तरुणपणी ते अकोल्याला शेतकीच्या शिक्षणासाठी होते. तिथल्या वसतिगृहातल्या एका मित्राकडून त्यांना एका इंग्रजी बँडची तबकडी मिळाली. वेष्टनावर चित्र होते ते भिंतीच्या खिळ्याला टांगलेल्या पिवळ्या पावसाळी कोटाचे. शिक्षण संपवून दादा गावी परतले, तूर, कापूस आणि पुढे सोयाबीन यांत गुंतले. परंतु रोज एकदा तरी ती तबकडी लागल्यावाचून त्यांचा दिवस मावळत नसे. जुन्या मऊ धोतराच्या तुकड्याने ती पुसायची, सुईवर फुंकर घालायची आणि यंत्राकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसायचे, अशी त्यांची रीत होती. पाठ का, असे कोणी विचारले तर म्हणत, “डोये कामी लागले का कान सुट्टीवर जाते.”

गाणे चालू असताना बैठकीत कोणी शेतीचा विषय काढायचा नाही. एकदा जवळच्याच मालेगावचा व्यापारी तुरीचा सौदा करायला आला आणि दारातूनच भाव बोलू लागला. दादांनी नुसता हात वर केला. बिचारा संपूर्ण बाजू संपेपर्यंत जोडा हातात धरून उभा राहिला. नंतर यजमान कुरकुरले, तेव्हा दादा म्हणाले, “व्यापारी उद्या पुन्हा येते. लाईन गेली तर हे गाणं आज पुन्हा येत नाई.”

मी अमरावतीची. माहेरी गाण्याच्या दोनतीन परीक्षा दिलेल्या, त्यामुळे गळा नसला तरी कान थोडा तयार होता. नवी नवरी म्हणून स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता भिंतीपलीकडून ती तबकडी रोज कानी पडे. पहिल्यांदा तो नुसता कोलाहल वाटला. मग त्यातून ढोलाचा ठेका सुटा झाला, गिटार सुटी झाली, आणि एक दिवस मला भलतेच काहीतरी जाणवले. तेच गाणे सकाळी लागे तेव्हा सूर एका ठिकाणी असे आणि संध्याकाळी लागे तेव्हा किंचित खाली. जाऊबाईंजवळ, म्हणजे दादांच्या पत्नी मोठ्याबाईंजवळ, मी सहज बोलून गेले. मोठ्याबाई मनाने इतक्या निर्मळ होत्या की त्यांच्या पोटात काही राहत नसे. त्या पीठाच्या हातानेच दारात जाऊन उभ्या राहिल्या.

“अवो, धाकली म्हणते का तुमचं गाणं संध्याकाळी खाली उतरते.”

“गाणं का विहिरीतलं पाणी हाय, उतराले? पुरावा विचार तिले.”

मोठ्याबाई वळल्या. मी त्यांच्यापासून चार हातांवर होते, दादांचा शब्द न् शब्द मला ऐकू आला होता. तरीही त्यांनी मला तो पुन्हा सांगितला. मी उत्तर दिले की, माझी पेटी आणली आहे, तिच्यावर स्वर लावून पाहता येईल. दादांनाही ते भिंतीपलीकडे ऐकू गेलेच असणार. तरीही मोठ्याबाईंनी ते त्यांना जाऊन सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी मी स्वयंपाकघरात पेटी धरली. जवळजवळ एका पट्टीचा फरक निघाला. बैठकीत दादांनी सुई उचलून ठेवली. मग दादा म्हणाले, “मोटारी! संध्याकाळी गावभरच्या विहिरीवर मोटारी सुरू होते, लाईन कमजोर पडते, आन् तबकडी हळू फिरते. सांग तिले, बराबर हाय तिचं.”

त्या दिवसापासून आमचा वाद सुरू झाला तो संपलाच नाही. अमुक गाण्यात गिटार जास्त बोलते की पियानो, पहिली बाजू सरस की दुसरी, शेवटचे लांबलचक गाणे आधीच संपायला हवे होते की नाही, अशा प्रत्येक मुद्द्यावर मोठ्याबाई दारात उभ्या राहून आम्हा दोघांचे टपाल वाहत. त्यात पदरची भरही घालीत. “धाकली म्हणते का तुमचा पियानोवाला झोपला होता,” असे त्या खुशाल सांगत; मी फक्त पियानो संथ आहे एवढेच म्हटलेले असे. दादाही भडकून उत्तर देत आणि आम्ही दोघी पदरात तोंड लपवून हसत असू. फार ताणले की मोठ्याबाई निकाल देत, “मले तर दोघायचंही खरं वाटते. आता जेवा, पोया थंड होऊन राह्यल्या.”

एका उन्हाळ्यात घर सारवायला काढले असताना तबकडी पत्र्याखालच्या लोखंडी ट्रंकेवर राहिली आणि उन्हाने पापडासारखी वाकली. दादा त्या दिवशी जेवले नाहीत. उरली ती फक्त कॅसेट. सेलवर चालणाऱ्या टेपरेकॉर्डरवर त्यांनी तबकडीची नक्कल उतरून ठेवली होती, पण ती उतरली होती संध्याकाळी, मोटारी चालू असताना. म्हणजे संपूर्ण नक्कल खालच्या सुरातली, संथ. पुढची कितीतरी वर्षे आम्ही तीच ऐकली. ही खरी चाल नव्हे, असे मी मोठ्याबाईंमार्फत कळवत राहिले. दादांचे उत्तर ठरलेले होते, “तिले म्हणा, त्यायले घाई असन. आपल्याले कायची घाई हाय?”

मग मोठ्याबाई आजारी पडल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या. तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि आमच्या ध्यानात आले की या घरात आता बोलायचे कसे, हेच कोणाला ठाऊक नाही. मी ताट वाढून ठेवून आत जाई, दादा जेवून उठत. भाजीत मीठ जास्त झाले तरी ते कोणाजवळ सांगणार? यजमान आधीच अबोल. दोघे भाऊ पेरणी आणि फवारणी यांपलीकडे बोलत नसत. कॅसेट कपाटात गेली. दादा भिंतीकडे तोंड करून बसत तसेच बसत, पण मागे यंत्र मुके असे. मोठ्याबाईंबरोबर त्यांचा आवाजही जातो की काय, अशी मला भीती वाटू लागली. मी दोन पावले पुढे होऊन बोलले असते तर? रोज वाटे, आणि रोज मी उंबरठ्यापाशी थांबे.

आमची लेक पुण्याला नोकरी करते. त्या दिवाळीला ती एक नवे यंत्र आणि नवी कोरी तबकडी घेऊन आली. तोच बँड, तीच गाणी. मूळ ध्वनिफिती स्वच्छ करून, सोबत त्या काळी वगळलेली काही गाणी जोडून पुन्हा काढलेली आवृत्ती. वेष्टनावर तोच कोट. दादांनी तो हातात घेऊन लांब धरला.

“कोटाले रंग देल्ला का वं यायनं?”

“नाही मोठे बाबा, छपाई चांगली झाली आता.”

“जुना कोट हाय तो. जुन्यासारखा दिसू द्या ना बाप्पा.”

तरी ते ऐकायला बसले. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. सूर वर चढलेला, चाल भराभर. दादांची मान नाराजीने हलत होती. पण दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात मला एक असा आवाज ऐकू आला, जो इतक्या वर्षांत मी केवळ चाहुलीसारखा ऐकला होता. मुख्य गायकाच्या मागे एक बाई गात होती. जुन्या तबकडीत ती वाफेसारखी कुठेतरी असे, असावी असे वाटे. इथे ती स्वच्छ, श्वासासकट उभी होती.

गाणे संपले. दादांनी मान स्वयंपाकघराकडे वळवली आणि सवयीने म्हणाले, “सांग वं तिले, त्या बाईले इतकं पुढं...”

आणि ते थांबले. ज्या जागेकडे पाहून ते बोलले होते, तिथे कोणी नव्हते. लेकीने मान खाली घातली. यजमान उगीचच तबकडीचे वेष्टन चाळू लागले. दादांचा हात अर्धवट उचललेला तसाच राहिला होता.

मी पदर सारखा केला आणि त्या जागेवर जाऊन उभी राहिले.

“दादा, सांगा काय सांगाचं ते. मी आयकून राह्यली.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. भिंतीलाच सांगावे तसे म्हणाले, “त्या बाईले इतकं पुढं आणाले नोको होतं. पह्यले शोधा लागे तिले. शोधून सापडे, म्हून गोड लागे.”

“शोधणाऱ्याले गोड लागे, दादा. गाणारीले काय वाटत असन?”

हे माझ्या तोंडून कसे निघाले, मला कळले नाही. दादांनी गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला, सोडला, आणि म्हणाले, “पुरावा?”

“ते त्याच खोलीत उभी राहून गायली. मागं कोणी ढकललं तिले, याचा पुरावा तुमी द्या.”

दादा हसले. मोठ्याबाई गेल्यापासून पहिल्यांदा. “उद्या पुन्हा लावू,” ते म्हणाले. “मले तयारी करा लागन.”

त्यानंतरची काही वर्षे माझ्या आयुष्यातली मोठी श्रीमंत वर्षे होती. संध्याकाळी दादा भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर, मी स्वयंपाकघराच्या दारात पाटावर. एक दिवस नवी आवृत्ती, एक दिवस जुनी कॅसेट. वगळलेली गाणी पुन्हा जोडण्यावर त्यांचा विशेष राग होता. “उफणून झाल्यावर कोंडा पुन्हा धान्यात टाकते का कोणी? जे त्यायनंच फेकलं, थे हे काहून उचलून आणून राह्यले?” मी म्हणे, कोंडा की धान्य हे आपल्याला चाखल्यावर ठरवू द्या. यजमानांची एक आत्या येऊन बोलून गेली, “काय बाई काय झालं, सून भासऱ्याशी तोंड वर करून बोलते.” दादा शांतपणे म्हणाले, “तोंड वर करून नाई आत्या, कान देऊन बोलते. तू बी बस घटकाभर.” आत्या बसली नाही.

दादांचे हृदय मोठे झाले आहे, असे वाशीमच्या डॉक्टरांनी सांगितले. जिने नको, शेत नको, दगदग नको. “वाद?” असे दादांनी विचारले, तेव्हा डॉक्टरांना तो प्रश्न कळला नाही. घरी आणल्यावर त्यांची खाट बैठकीतच टाकली. आता भिंतीकडे वळणेही त्यांना जड जाई, म्हणून ते उताणे पडून आढ्याकडे पाहत ऐकत. एका सकाळी त्यांनी स्वतःहून नवी आवृत्ती लावायला सांगितली, तीही दुसरी बाजू. बाईचा आवाज आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. गाणे संपले, सुई उचलली, तरी ते मिटलेलेच होते. मी जवळ गेले, तेव्हा त्यांनी ते उघडले आणि प्रथमच सरळ माझ्याकडे पाहिले.

“मले पटलं नाई अजून,” ते म्हणाले. “पण तुमी आपलं म्हणणं सोडू नोका.”

त्या आठवड्यातच ते गेले.

परवा लेक आली होती. तिने नवी आवृत्ती लावली आणि त्या बाईचा आवाज किती सुंदर मोकळा केला आहे, म्हणून वाखाणू लागली. मी चटकन म्हणाले, “इतकं पुढे आणायला नको होतं. शोधून सापडण्यात गोडी होती.” मग चाल किती घाईची आहे तेही सांगितले, कोंड्याचेही सांगितले, आणि तिने मुद्दा खोडला की दादांच्या वतीने दुसरा काढत राहिले. ती हसत म्हणाली, “आई, तू तर नव्या आवृत्तीच्या बाजूची होतीस ना?”

होतेच, आजही आहे. पण दादांची बाजू मांडायला आता माझ्याशिवाय कोणी उरलेले नाही, आणि मी त्यांच्या बाजूला जाऊन बसले की समोरची जागा रिकामी पडते. तेव्हा वाचकहो, तुम्हीच सांगा, माझी बाजू आता कोणी मांडायची?