तीन वाजताचा हॉर्न

मेलेल्या माणसाचा आवाज दुरुस्त करायला मला आयुष्यात एकदाच बोलावणं आलं.

आणीबाणी उठल्यानंतरचा उन्हाळा होता. तुमसरला माझं गाड्यांच्या वायरिंगचं आणि बॅटरी चार्जिंगचं लहानसं दुकान होतं. काम नसलं की वाचनालयातून आणलेलं पुस्तक घेऊन बसायचो, त्यामुळे गिऱ्हाइकांचा माझ्या हातांवर जरा कमीच भरवसा होता. एका सकाळी सिहोऱ्याकडच्या एका गावातून जुन्या मालगुजारांचा मुलगा आला. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, कायद्याने जाऊन पंचवीसेक वर्षं झाली होती, पण त्या घरापर्यंत ती बातमी पोचलेली नव्हती.

"मिस्त्री, बाबाजींचा आवाज बसला," तो म्हणाला.

बाबाजी, म्हणजे ते मालगुजार, फाल्गुनात वारले हे मला ठाऊक होतं. मी पुस्तक मिटलं.

मग त्याने सांगितलं. बाबाजींची गाडी इंग्रजांच्या काळातली. पुढच्या दिव्यांच्या दोन बाजूंना दोन पितळी हॉर्न, एक जाड आवाजाचा, एक बारीक. दुपारी तीनला बाबाजी शेतं बघून परतत आणि फाटकाशी ते दोन्ही एकदम वाजत. ते ऐकताच रस्त्यावरचा माणूस सायकलवरून उतरे, धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाया कंबर सरळ करून उभ्या राहत, आणि घरात मालकीणबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात येत. बाबाजी गेले, गाडी शेडमध्ये बंद झाली, आणि चैत्रापासून हॉर्न आपोआप वाजू लागला. तीनच्या सुमाराला. गाडीत कोणी नसताना.

"आता लोक दर्शनाले येऊन राहिले," मुलगा म्हणाला, "अन् आवाज घोगरा झाला. बरं नाही वाटत."

एवढ्या तोऱ्याने कोणी भुताची तक्रार घेऊन आल्याचं मी पाहिलं नव्हतं. हत्यारांची पेटी उचलली आणि निघालो.

शेड टिनाची होती. आत पाय टाकला तर भट्टीत शिरल्यासारखं झालं. स्टीअरिंगला झेंडूची माळ होती. मागच्या सीटवर पांढरी चादर अंथरून त्यावर बाबाजींचा फेट्यातला फोटो टेकवून ठेवला होता. खाकी कपड्यांतला म्हातारा ड्रायव्हर बॉनेट पुसत होता. वर्षश्राद्ध होईपर्यंत मालकाची प्रत्येक वस्तू चालू ठेवायची, असं त्या घरात ठरलं होतं. जोड्यांना पॉलिश, घड्याळाला चावी आणि गाडीला चार्ज केलेली बॅटरी.

बॅटरी बघितली आणि ओळखली. सहा व्होल्टची, बाजूला चुन्याची खूण. दर पंधरवड्याला हाच म्हातारा ती सायकलच्या कॅरियरवर बांधून माझ्याच दुकानात आणत होता. बॅटरी कुठली हे मी कधी विचारलं नव्हतं. म्हणजे या भुताचा खुराक दोन महिने माझ्याकडूनच येत होता.

मी डॅशबोर्डखाली पाठीवर झोपलो. वायर कापडी वेष्टणाची, जागोजाग विरलेली. वर पाहिलं की आरशात मागच्या फोटोतला फेटा दिसायचा. आरसा जरा वळवला, तर त्यात बाबाजींचे डोळे आले. पुन्हा होता तसा केला. मी असल्या गोष्टी मानत नाही, पण न मानणाऱ्याने आरसा दोनदा का वळवला, हे त्या वेळी स्वतःला विचारलं नाही.

बाहेर झाडावर होले घुमत होते. एकाएकी ते थांबले. आणि माझ्या छातीपासून चार हातांवर हॉर्न वाजला.

तो आवाज कानाने ऐकायचा नव्हताच, हाडांत शिरत होता. घोगरा, लांबलचक, घसा खरवडल्यासारखा. उघड्या दारातून मला फाटकापर्यंतचं सगळं दिसत होतं. रस्त्यावर दोन माणसं सायकलवरून उतरली. ओसरीवर बसलेला मुलगा उभा राहिला. घराच्या दारात तांब्या घेतलेली एक पांढऱ्या लुगड्यातली बाई आली आणि फाटकाकडे बघत थांबली. फाटकात कोणी नव्हतं. ड्रायव्हर "आलो मालक, आलो!" म्हणत धावत आला, माझ्यावरून वाकून त्याने स्टीअरिंगवरचं बटण दाबून सोडलं. हॉर्न थांबला.

"मालकाले हो म्हटलं का मानतेत," तो घाम पुसत म्हणाला.

मग बोटांनी स्टीअरिंगखालची वायर सारखी करून त्याने माळ नीट केली. तिथेच माझी नजर अडकली.

"काका, या वायरीले काय लावलं?"

"मेण. जंगलातलं, मोहोळाचं. पट्टी सुटून गेली होती न. मालक असतानीच लावलं, माघात."

हॉर्नला वीज कायम मिळत असते. बटणापासून येणारी वायर कुठेही लोखंडाला टेकली की तो वाजतो. माघातल्या थंडीत मेण दगडासारखं घट्ट बसलं होतं. चैत्रात टिनाखाली ते दुपारी मऊ पडे, उघडी वायर कलून दांड्याला टेके. ड्रायव्हर बटण दाबून सोडी, त्या झटक्याने ती सुटे. तो वायर परत मेणात बसवी, रात्री मेण घट्ट होई, आणि दुसऱ्या दिवशी तीनला मालक पुन्हा बोलावत. रोज इतका वेळ वाजून हॉर्नच्या आतले वीज जोडणारे पॉइंट जळले होते, म्हणून घसा बसला होता.

मी हे सगळं समजावून सांगितलं. ड्रायव्हरने शांतपणे ऐकलं.

"मेण तर दोन वाजताबी वितळते, मिस्तरी. तीनलेच काहून?"

"टिन तापायला वेळ लागतो."

"हां," तो म्हणाला. समजूतदार माणूस वेड्याला म्हणतो तसं.

मी पेटी आवरत असताना मालकीणबाई शेडच्या दाराशी आल्या. तांब्या अजून हातातच होता.

"मिस्तरी, हे बंद होते का?"

"तुमचे चिरंजीव तर आवाज साफ करा म्हणून राहिले, बाई."

"माही बहीण पवनीले खाटेवर आहे. दोनदा निरोप आला. डोळे मिटाच्या आंधी भेटून जाय म्हणते." त्यांनी फोटोकडे पाहिलं नाही. "चाळीस वर्सं मी या आवाजाले उठली. जितेपणी एक डाव उठली नाही, त आठ दिवस बोलले नव्हते. आता बोलावून राहिलेत, अन् मी दारात नसली त?"

मी वायरीबद्दल सांगू लागलो. त्यांनी मान हलवली.

"ते तुमचं तुम्ही पाहा. मले फक्त सांगा, बंद होते का?"

"होते," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नवी वायर घेऊन गेलो. मेण खरवडून काढलं, वायर बटणापर्यंत रबरी नळीतून नेली, पॉइंट घासून हॉर्न बसवले. मुलाने बटण दाबलं. आवाज असा खणखणीत निघाला की झाडावरचे बगळे उडाले.

"वा! हा बाबाजींचा आवाज. आता तीनले मजा येईल."

"तीनला वाजणार नाही. बटण दाबाल तेव्हा वाजेल."

"अन् नाही दाबलं त?"

"तर नाही."

त्याचा चेहरा पडला. दाबल्यावर वाजणारा हॉर्न एस्टीलाही असतो.

माझ्या बोलण्यावर कोणाचाच विश्वास नव्हता, म्हणून सगळे वाट बघत बसलो. ओसरीवर मुलगा, पायरीवर ड्रायव्हर, खांबाला टेकून मी. मालकीणबाई आत दारापाशी पाटावर बसल्या होत्या. शेजारी भरलेला तांब्या, आणि त्याच्या पलीकडे एक कापडी पिशवी, तोंड बांधलेली. फाटकाबाहेर पंधरा-वीस माणसं जमली होती, एकाच्या हातात नारळ होता. आत भिंतीवरच्या घड्याळात तीनचे टोले पडले.

होले थांबले.

काहीच वाजलं नाही. पण ती शांतता आदल्या दिवशीच्या आवाजाइतकीच लांब होती, आणि तिच्यातही काहीतरी फाटकातून आत येत होतं. मानेवरचा घाम एकदम गार झाला. मग होले पुन्हा घुमू लागले.

मालकीणबाई उठल्या. तांब्यातलं पाणी तुळशीत ओतलं, तांब्या पालथा घातला आणि पिशवी काखेत घेतली.

"आई, कुठं?" मुलगा म्हणाला.

"पवनीले."

त्याने आत भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

साडेतीनच्या एस्टीने त्या निघाल्या. मीही तुमसरपर्यंत त्याच गाडीत होतो. पुढे भंडाऱ्याची गाडी मिळेल, तिथून पवनीची, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. त्या खिडकीबाहेर वाळलेल्या बांध्या पाहत होत्या. तिकडेच बघत त्यांनी विचारलं.

"मिस्तरी, तीनले तुम्हाले काही ऐकू आलं?"

"नाही, बाई. येणारच नव्हतं."

"मलेबी नाही आलं. मी बसून राहिली. चाळीस वर्सांत पहिल्यांदा." मग त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "माहा पोरगा उभा झाला. डायवर उभा झाला. फाटकातले सायकलवरून उतरले. तुम्ही काहून उभे झाले होते?"

मी खांबाला टेकून बसलो होतो, एवढं मला पक्कं आठवत होतं. उठल्याचं आठवत नव्हतं. पण मालकीणबाईंनी तांब्या तुळशीत ओतला तेव्हा तो मला वरून दिसला होता, उभ्या माणसाला दिसतो तसा.